ऐंशीनंतरचा ईसीजी : वयाचं किती, आजाराचं किती

ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा ईसीजी काढला की कागदाच्या वरच्या कोपऱ्यात यंत्र काही ना काही छापतंच. ‘फर्स्ट डिग्री ए-व्ही ब्लॉक’, ‘लेफ्ट अ‍ॅक्सिस डेव्हिएशन’, ‘नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस’. मग गिरगावात असो की मुलुंडमध्ये, तो कागद संध्याकाळपर्यंत घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचतो. ‘ब्लॉक’ वाचून कुणी अँजिओग्राफीच्या खर्चाचा हिशेब करू लागतं, तर कुणी “या वयात असं चालायचंच” म्हणून विषय मिटवतं. यातली दुसरी प्रतिक्रिया मला जास्त धोक्याची वाटते.

हृदयाचा ठोका सुरू होतो तो उजव्या अलिंदाच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या, भिंतीतल्या सायनस नोड नावाच्या पेशींच्या पुंजक्यात. तिथून निघालेली विद्युतलहर दोन्ही अलिंदांमधून पसरते, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या ए-व्ही नोडपाशी क्षणभर रेंगाळते आणि तिथून तंतूंच्या वाटेने निलयांमध्ये, म्हणजे खालच्या कप्प्यांमध्ये, उतरते. वयाबरोबर ही सगळी वाट झिजते. सायनस नोडमधल्या ठोका देणाऱ्या पेशी पंचाहत्तरीपर्यंत तरुणपणाच्या जेमतेम दहाव्या हिश्शावर येतात, त्यांच्या जागी चरबी आणि तंतुमय ऊती भरतात. झडपांभोवती साठणारं कॅल्शियम शेजारून जाणाऱ्या तंतूंना त्रास देतं. म्हणून लहर ए-व्ही नोडमधून उतरायला थोडा जास्त वेळ घेते. ईसीजीच्या कागदावरचा एक मोठा चौकोन म्हणजे 0.2 सेकंद. अलिंदांपासून निलयांपर्यंत पोचायला त्याहून जास्त वेळ लागला की यंत्र ‘फर्स्ट डिग्री ब्लॉक’ छापतं. रक्तवाहिनीतल्या अडथळ्याशी त्याचा संबंध नाही, आणि बाकी काही त्रास नसेल तर बहुतेक वेळा त्यावर उपचारही लागत नाहीत.

मग म्हाताऱ्या माणसाच्या ईसीजीत खरोखर बघायचं काय? याचं एक चांगलं उत्तर नेदरलँड्समधल्या लायडन शहरातून आलं. विलेम आइंटहोव्हेन याच शहरात प्राध्यापक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी बनवलेलं ईसीजीचं यंत्र सुमारे 270 किलो वजनाचं होतं, आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. 1924 साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच गावात 1997 पासून पंचाऐंशी पूर्ण केलेल्या 599 लोकांचा अभ्यास सुरू झाला. ज्यांना आधी हृदयविकार झालेला नव्हता अशा लोकांमध्ये कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान यांवरून धोका मोजण्याचं नेहमीचं गणित या वयात चालेनासं झालं. पन्नाशीत उपयोगी पडणारं ते गणित पंचाऐंशीनंतर कोण हृदयविकाराने जाईल हे सांगू शकत नव्हतं. ईसीजीतल्या दोन गोष्टी मात्र जास्त धोका दाखवत होत्या : जुन्या हार्ट अटॅकची खूण आणि एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची पार विस्कटलेली लय.

या दोन्हींतलं एट्रियल फिब्रिलेशन मी आधी घेतो, कारण तिथे वेळेवर काही करता येतं आणि तिथेच आपल्याकडे सर्वांत जास्त चालढकल होते. यात अलिंदं नीट आकुंचन पावत नाहीत, नुसती थरथरतात. मिनिटाला 350 ते 600 विस्कळीत लहरी ए-व्ही नोडवर येऊन आदळतात, आणि दादरच्या पुलावर गर्दी रेटत असताना अरुंद जिन्याने उतरता येतील तेवढीच माणसं उतरावीत, तशा त्यातल्या थोड्याच खाली पोचतात, त्याही वाटेल त्या अंतराने. नाडीला कसलाच नियम राहत नाही. पुष्कळ वृद्धांना हे जाणवतसुद्धा नाही. थोडी धाप लागते, थकवा येतो, आणि घरचे त्याचं खापर वयावर फोडतात.

खरा धोका डाव्या अलिंदाच्या कानासारख्या छोट्या पिशवीत असतो. रक्त तिथे साकळतं, गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात एट्रियल फिब्रिलेशनमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट झालेला दिसला. पन्नाशीतल्या पक्षाघातांपैकी याच्या खाती 1.5 टक्के जात होते, तर ऐंशी ते एकोणनव्वद या वयात 23.5 टक्के. म्हणजे वय जितकं जास्त, तितकी या एका दोषाची किंमत मोठी.

आणि तरीही नेमकं याच वयात, गुठळी होऊ नये म्हणून असलेली रक्त पातळ करणारी गोळी द्यायला सगळे कचरतात. “आई पडल्या तर? डोक्यात रक्तस्राव झाला तर?” ही भीती खोटी नाही. जुन्या इमारतीत लिफ्ट नाही, बाथरूममध्ये निसरडं होतं, आई रात्री दोनदा उठतात, हे सगळं खरंच असतं. पण भीतीचं माप तपासून पाहिलेलं आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पंचाहत्तरीपुढच्या 973 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांपैकी वर्षाला 1.8 टक्क्यांना पक्षाघातासारखी गंभीर घटना घडली, अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांपैकी 3.8 टक्क्यांना. मोठ्या रक्तस्रावात दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. “तेवढी अ‍ॅस्पिरिन चालू ठेवा” हा सुरक्षित मधला मार्ग नाही, हे तेव्हाच स्पष्ट झालं. पुढे 2020 मध्ये जपानमधून आणखी थेट पुरावा आला : नेहमीची मात्रा झेपणार नाही अशा ऐंशीपुढच्या 984 जणांना एडोक्सबॅन या रक्त पातळ करणाऱ्या नव्या औषधाची अगदी लहान, 15 मिलिग्रॅमची मात्रा किंवा औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी दिली. पक्षाघात आणि तत्सम घटनांचं वार्षिक प्रमाण 6.7 टक्क्यांवरून 2.3 टक्क्यांवर आलं. रक्तस्राव थोडे वाढले, हेही सांगायला हवं.

मात्रा ठरवताना मूत्रपिंडाचं काम आणि वजन पाहावं लागतं. अपिक्सबॅन या त्याच प्रकारच्या औषधाची मात्रा वय 80 किंवा अधिक, वजन 60 किलो किंवा कमी आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन 1.5 किंवा अधिक, यांतल्या दोन गोष्टी असतील तर निम्मी करतात. आपल्याकडच्या कितीतरी आज्या पहिल्या दोन अटींतच बसतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना ताजं वजन आणि क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावा. गोळी मनाने अर्धी करू नये, आणि दात काढायचाय म्हणून परस्पर बंदही करू नये.

ही बेनियम नाडी ओळखण्यासाठी घरी करता येण्यासारखं एक काम आहे. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला तीन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी बघायची. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं तर अनियमितपणा निसटतो.

आता मंद ठोक्यांकडे. आजोबांना जिन्यात भोवळ येते, क्षणभर डोळ्यांपुढे अंधार येतो, नाडी चाळीसच्या आसपास. लहर अधूनमधून किंवा पूर्णच खाली उतरत नसेल तर हा खरा हार्ट ब्लॉक, आणि त्याला पेसमेकर लागतो. नव्वदीतही तो बसवतात. बहुधा स्थानिक भूल पुरते, आणि बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं चालते. पण त्याआधी घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी टेबलावर ओतावी असं मी आग्रहाने सांगेन. रक्तदाबासाठीचं मेटोप्रोलॉल किंवा डिल्टियाझेम, आणि हृदयासाठीचं डिगॉक्सिन ही नावं डॉक्टरांच्या लक्षात येतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत टाकायचं टिमोलॉल मात्र घरचे सांगतच नाहीत, कारण ते त्यांना औषध वाटत नाही. थेंब रक्तात शोषले जाऊन ठोके मंद होऊ शकतात. स्मृतिभ्रंशासाठीचं डोनेपेझिलही तेच करतं. शिवाय मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात जुलाब झाले आणि लघवीची गोळी तशीच चालू राहिली, तर पोटॅशियम बिघडतं आणि ठोक्यांची लय विस्कटते.

आता लायडनच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट, जुन्या अटॅकची खूण. अनेक वृद्धांना, विशेषतः मधुमेह असलेल्यांना, अटॅक छातीत न दुखता येऊन जातो. घाम, मळमळ, अचानक गळून जाणं, एवढंच होतं आणि घरात त्याला गॅस म्हणतात. ईसीजीत ती खूण आढळली तर टू-डी एको करून हृदयाची पंपिंगची ताकद बघतात आणि औषधं त्याप्रमाणे बदलतात.

या सगळ्यात उपयोगी पडतो तो आधीचा ईसीजी. रात्री अकरा वाजता धाप लागून कॅज्युअल्टीत नेलं, आणि कागदावर लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे डाव्या निलयाकडची विद्युतवाट अडलेली, दिसला, तर तो आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, यावर पुढची धावपळ ठरते. त्या पट्टीचा कागद बहुधा थर्मल असतो. उन्हात, उष्णतेत तो फिका किंवा काळा पडतो, लॅमिनेशन केलं तर वायाच जातो. काढल्या दिवशीच त्याचा मोबाइलवर स्पष्ट फोटो घ्यावा, तारीख दिसेल असा, आणि तो रात्री सोबत कोण जाणार असेल त्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवावा.