जुनी स्पोर्ट्स कार रोज चालवताय? विमा घेण्याआधी हे वाचा

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली की बरेच जण फक्त थर्ड पार्टी काढून मोकळे होतात. गाडी महिन्यातून एकदा गॅरेजबाहेर निघत असेल तर ते चालून जातं. पण रोज नाशिकच्या द्वारका आणि मुंबई नाक्याच्या गर्दीतून अंबडला कामावर जाणारी आणि सुट्टीच्या दिवशी कसारा घाट उतरणारी गाडी असेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे 'ओडी'चा भाग सोडू नका. पालिओ १.६, पहिली ऑक्टाव्हिया आरएस, लान्सर सेडिया, सॅन स्टॉर्म किंवा सेकंडहँड घेतलेली एखादी जर्मन टू-सीटर, अशा गाड्या असलेल्या आमच्या विमा-ग्राहकांसाठी हे पत्रक आहे.

आयडीव्ही: सगळा खेळ इथेच

पहिली पाच वर्षं आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ठरलेल्या तक्त्याने उतरते आणि पाचव्या वर्षी कारखान्याच्या भावाच्या ५० टक्क्यांवर येते. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता संपतो. त्यापुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. हे बहुतेकांना माहीत नसतं. संगणकाने दाखवलेला आकडा ते मुकाट्याने मान्य करतात, आणि हप्ता कमी आला म्हणून खूशही होतात.

त्याची किंमत अपघातात मोजावी लागते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. समजा गाडीचा खरा बाजारभाव ४ लाख आहे आणि पॉलिसीत २ लाख लिहिलेत. आता दीड लाखाच्या वर एस्टिमेट गेलं की गाडी संपली. बाहेरून मागवायचे दोन हेडलॅम्प, एक रेडिएटर आणि दोन एअरबॅग एवढ्यातच तो आकडा गाठला जातो. सहज दुरुस्त होणारी गाडी अशी भंगारात जाताना बघणं फार वाईट.

म्हणून पॉलिसी काढण्याआधी पुरावा गोळा करा: त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या तीन-चार गाड्यांचे सध्याचे विक्रीचे भाव, गेल्या दोन वर्षांतल्या कामाची बिलं (क्लच, सस्पेन्शन, टायर) आणि उजेडात काढलेले फोटो. हे घेऊन आम्ही कंपनीच्या अंडररायटिंग (विमा किती आणि कोणत्या अटींवर द्यायचा ते ठरवणाऱ्या) विभागाकडे वाढीव आयडीव्ही मागतो. आकडा फुगवूनही उपयोग नाही. हप्ता वाढतो, आणि क्लेमच्या वेळी बाजारभावावरून वाद घालायला कंपनीला निमित्त मिळतं.

बिलातलं तुमच्या वाट्याला किती

दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा (भाग जुना झाल्याची घट) कापतात. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर गाडी कितीही जुनी-नवी असली तरी ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर शून्य. सॅन स्टॉर्मसारख्या फायबर बॉडीच्या गाडीला इथे वय वाढल्यावर उलट फायदा होतो.

बारा वर्षांच्या, १५०० सीसीवरच्या गाडीचं एक बिल बघू, जीएसटी बाजूला ठेवून. बंपर २४ हजार, मिळणार १२ हजार. बोनेट ३० हजार, मिळणार १५ हजार. दर्शनी काच १८ हजार, पूर्ण मिळणार. पेंटिंग २० हजार: त्यातला २५ टक्के भाग रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे १७,५०० मिळणार. मजुरी १२ हजार, पूर्ण. एकूण बिल १,०४,०००. त्यातले ७४,५०० मंजूर. त्यातून सक्तीची वजावट (क्लेममध्ये मालकानेच सोसायची ठरलेली रक्कम) २,००० गेली की हातात ७२,५००. तुमच्या खिशातून ३१,५००.

झिरो डेप हे जादा कव्हर घेतलं तर हा घसारा वाचतो, पण ते साधारणपणे पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला मिळतो. काही कंपन्या त्यापुढेही देतात, विचारून बघायला हरकत नाही. स्वेच्छा वजावटीचा मोह मात्र टाळा. प्रमाणित तक्त्यात १५ हजारांची वजावट स्वीकारली तर सूट जास्तीत जास्त २,५०० रुपये आहे. रोज गर्दीत चालणाऱ्या गाडीला हा सौदा परवडत नाही. कमी किलोमीटरवाल्या स्वस्त योजनाही रोजच्या वापराला नकोत.

मॉडेल सापडत नाही, आणि गाडीत केलेले बदल

बंद पडलेलं मॉडेल पोर्टलच्या यादीत अनेकदा नसतं. मग घाईत जवळचं व्हेरियंट निवडलं जातं, १.६ ऐवजी १.२. पॉलिसी निघते, पण क्लेमच्या वेळी सर्व्हेयर (नुकसान तपासणारा) आरसी आणि चेसीस नंबर ताडून बघतो तेव्हा घोळ बाहेर येतो. यादीत मॉडेल नसेल तर कंपनीकडून हातानं कोटेशन करून घ्यायचं. दोन-तीन दिवस जास्त लागतात, लागू द्या.

अलॉय, मोठे टायर, म्युझिक सिस्टीम, सीएनजी किट, बदललेला रंग, रीमॅप (इंजिनच्या संगणकाचं बदललेलं सेटिंग): सगळं आधी सांगा. सीएनजी किट आणि रंगबदल आरसीवर चढलेला हवा. सीएनजी किट आणि इलेक्ट्रिक अ‍ॅक्सेसरीज वेगळ्या लिहून घेता येतात, त्यांच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता पडतो. न सांगितलेल्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत. शर्यत आणि वेगाची चाचणी पॉलिसीत बसत नाही, त्यामुळे ट्रॅकवर गाडी नेलीत तर ते नुकसान तुमचं.

चेंबर आणि पाणी

खाली बसलेल्या, म्हणजे जमिनीपासून कमी उंचीच्या गाड्यांना सगळ्यात महागात पडणारा प्रकार हा. गतिरोधकावर किंवा दगडावर आपटून ऑइल चेंबरला (इंजिनच्या तळाच्या तेलाच्या भांड्याला) चीर जाते. खाली काळा थेंब-थेंब माग दिसतो, डॅशवर ऑइलचा लाल दिवा लागतो. या क्षणी गाडी बंद केली तर चेंबरचा क्लेम अपघात म्हणून होतो. 'गॅरेज इथेच आहे' म्हणून दोन किलोमीटर नेली, इंजिन सीझ (जाम) झालं, तर ते पुढचं नुकसान म्हणजे 'परिणामी हानी', आणि ती पॉलिसीत वगळलेली आहे. काही हजारांच्या क्लेमऐवजी पूर्ण इंजिनचं बिल तुमच्या गळ्यात.

पाण्याचंही तसंच. गोदेला पूर येऊन नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की घाटावर लावलेल्या गाड्या बुडतात. पाणी ओसरल्यावर चावी फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची तार काढा, फोटो काढा, टो करून घ्या. इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर मिळत असेल तर जरूर घ्या.

टोइंगबद्दल एक गोष्ट. साध्या पॉलिसीत जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्यासाठी १,५०० रुपयेच असतात. खाली बसलेल्या गाडीला फ्लॅटबेड लागतो आणि तुमचा मेकॅनिक मुंबईला असेल तर हे पैसे कुठेच पुरत नाहीत. रोडसाइड असिस्टन्स घेताना किलोमीटरची मर्यादा वाचा. आणि सर्व्हेयर येईपर्यंत गाडी खोलू देऊ नका, मेकॅनिक कितीही घाई करो.

कागदपत्रांत अडतं ते

नोंदणीला १५ वर्षं झाली की पेठ रोडच्या आरटीओत फॉर्म २५ भरून, गाडी तपासून नूतनीकरण करावं लागतं. ते पुढच्या ५ वर्षांसाठी असतं. मुदत संपलेल्या आरसीवर क्लेम अडतो, त्यामुळे दोन महिने आधी लागा. 'व्हिंटेज' नोंदणीचा विचार करू नका: ती ५० वर्षांवरच्या गाडीला मिळते आणि रोजच्या वापराला चालत नाही.

पॉलिसी संपून ९० दिवस गेले की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य होतो, ५० टक्क्यांचा असला तरी. त्याआधीही खंड पडला तर ओडीसाठी गाडीची पुन्हा तपासणी होते. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा बोनस त्याच्याकडेच राहतो.

आरसीवर फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवा, नाहीतर टोटल लॉसचे पैसे अडकतात. दुसरी चावी हरवली असेल तर आत्ताच करून घ्या आणि बिल जपा. चोरीच्या क्लेममध्ये कंपनी दोन्ही चाव्या मागते.

क्लेम अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही.

येताना आरसी, मागची पॉलिसी, पीयूसी, दुरुस्तीची बिलं आणि चेसीस नंबरची पेन्सिल प्रिंट आणा. गाडीही घेऊन या, आणि धुऊन आणा; धुळीखालचा ओरखडा फोटोत दिसला नाही तर पुढे तो नवा की जुना यावर वाद होतो.