लवचीक हीटर : जैववैद्यकीय उपकरणांसाठी निवड

कागदासारख्या पातळ, वाकणाऱ्या आणि पृष्ठभागाला चिकटवता येणाऱ्या विद्युत तापकाला लवचीक हीटर म्हणतात. रक्त गोठण्याचा वेळ मोजणारे यंत्र, डीएनएच्या प्रती वाढवणारे पीसीआर यंत्र, शिरेवाटे द्यायचे द्रव कोमट करणारे साधन किंवा नवजात बाळाला ऊब देणारी गादी यांत जागा थोडी असते आणि तापमान मात्र नेमके राखावे लागते. म्हणून तेथे हा हीटर वापरतात. त्याची निवड करताना सहसा आकार आणि वॅट एवढेच पाहिले जाते. खानदेशासारख्या प्रदेशात मात्र उपकरण ज्या खोलीत राहणार, तिचे वर्षभरातील तापमान आधी पाहावे लागते.

प्रचारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. पॉलिइमाइड हीटरमध्ये नागमोडी कोरलेली मिश्रधातूची पत्री पिवळसर-तांबूस फिल्मच्या दोन थरांत बंद केलेली असते. त्याची जाडी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी, वजन नगण्य आणि म्हणून प्रतिसाद जलद असतो. सिलिकॉन रबरचा हीटर दीड मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तो हाताळणी आणि धक्के अधिक सोसतो, पण तापायला व निवायला वेळ घेतो. लहान ठोकळ्याचे तापमान काटेकोर राखायचे असेल तर पॉलिइमाइड आणि गादीसारख्या मोठ्या, सतत दबणाऱ्या पृष्ठभागासाठी सिलिकॉन, ही ढोबळ विभागणी बहुतेक वेळा चुकत नाही.

शक्ती किती हवी, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. रक्त गोठण्याच्या चाचणीसाठी, नमुन्याची नळी ज्यात बसते तो १०० ग्रॅम ॲल्युमिनियमचा ठोकळा ३७ अंश सेल्सिअसवर ठेवायचा आहे, आणि ठोकळ्याभोवतीची हवा त्याच्यापेक्षा जितके अंश थंड, तितक्या अंशांमागे ०.२ वॅट उष्णता निसटते असे धरू. २४ व्होल्टवर ४८ ओहमचा हीटर १२ वॅट देतो. भोवतालची हवा १० अंशांवर असताना हा ठोकळा सुमारे साडेचार मिनिटांत ३७ अंशांवर पोचतो आणि पुढे टिकून राहायला त्याला ५.४ वॅट लागतात. तीच हवा ३५ अंशांवर गेली की केवळ ०.४ वॅट पुरतात, म्हणजे हीटरच्या क्षमतेच्या तीन-चार टक्के. हिवाळ्यासाठी निवडलेला दणकट हीटर उन्हाळ्यात अशा प्रकारे गरजेपेक्षा फार मोठा ठरतो : तापमान पाहून हीटर चालू-बंद करणाऱ्या नियंत्रकाने तो जरा जास्त वेळ चालू ठेवला की तापमान ठरलेल्या अंकाच्या वर उसळते आणि ते खाली यायला वेळ लागतो, कारण हीटर उष्णता देऊ शकतो, काढून घेऊ शकत नाही.

जळगाव, भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तर धुळ्याकडे थंडीच्या लाटेत तो एक आकडी होतो. पत्र्याच्या छपराखालील लॅबमध्ये दुपारी खोलीच ४० अंशांवर असेल, तर ३७ अंशांचा ठोकळा कोणत्याही हीटरने साधणार नाही. त्यात यंत्रातील विद्युत मंडले आणि वीजपुरवठ्याचा भाग स्वतः तापत असल्याने पेटीच्या आतील हवा खोलीपेक्षा काही अंश अधिक गरम असते. त्यामुळे खोली ३४ अंशांवर असतानाच अडचण सुरू होऊ शकते. अशा वेळी आकडा खाली येत नाही म्हणून हीटर किंवा तापमान मोजणारा संवेदक बदलणे हा निव्वळ अपव्यय होय. उपाय दोनच : खोली थंड ठेवणे, किंवा उष्णता दोन्ही दिशांनी वाहून नेणारे पेल्टिए घटक असलेले यंत्र घेणे.

विजेच्या दाबातील चढउतार हा ग्रामीण भागातील दुसरा प्रश्न आहे. हीटर थेट वाहिनीवर असेल तर दाब दहा टक्के वाढताच त्याची शक्ती २१ टक्के वाढते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. नियंत्रित २४ किंवा १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरील हीटर निवडला की हा त्रास उरत नाही आणि वीज गेल्यावर बॅटरीवरही काम चालते.

हीटर उत्तम असूनही बसवण्यात बिघडतो. चिकटवताना खाली राहिलेला हवेचा बुडबुडा उष्णता पुढे जाऊ देत नाही. तेवढाच ठिपका अति तापतो, फिल्म तेथे तपकिरी पडते, कड सुटते आणि अखेर पत्री तुटते. म्हणून पृष्ठभाग स्पिरिटने पुसून, एका कडेकडून दुसरीकडे रोलर फिरवत हीटर बसवतात. ज्या जागी तारा डाखलेल्या असतात तेथे तो वाकवू नये, आणि लवचीक असला तरी त्याला घडी तर कधीच घालू नये. थर्मिस्टर किंवा प्लॅटिनमचा संवेदक हीटरच्या पाठीवर लावला तर तो हीटरचेच तापमान सांगतो. तो ठोकळ्यात, नमुन्याच्या नळीजवळ असावा.

त्वचेला टेकणाऱ्या साधनांत मर्यादा अधिक कडक असतात. ४४ अंशांचा पृष्ठभागही सुमारे सहा तास टेकून राहिला तर त्वचा भाजते, असे मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांच्या १९४७ मधील प्रयोगांतून दिसले. म्हणून अशा गादीत मुख्य नियंत्रकाशी काहीही संबंध नसलेला, हीटरचा प्रवाह थेट तोडणारा स्वतंत्र थर्मल कटऑफ असावा लागतो. एकाच संवेदकावर नियंत्रण आणि संरक्षण दोन्ही सोपवलेले असले, तर तो संवेदक निसटताच नियंत्रक गादी थंड आहे असे समजून हीटर चालूच ठेवतो.