रात्रीची पाटी पत्रा धुतानाच ठरते

धुळे-सोलापूर महामार्गावर मांजरसुंब्याच्या घाटात एखाद्या अंधाऱ्या वळणावर बाणाची पाटी लांबूनच उजळते. तिला ना वीज, ना बॅटरी. तिच्यावर चिकटवलेली शीट, जिला आपल्याकडे सर्रास रेडियम म्हणतात, स्वतः जराही उजेड देत नाही. गाडीच्याच दिव्याचा उजेड ती गाडीकडे परत पाठवते. हे काम ती वर्षानुवर्षं करेल की दोन पावसाळ्यांत कडा सोडून लोंबू लागेल, हे बऱ्याच अंशी वर्कशॉपमध्ये पत्रा धुताना ठरलेलं असतं. शीटच्या ग्रेडवर सगळे बोलतात, निविदांमध्येही ती लिहिलेली असते. धुण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

आधी उजेडाचं बघू. रंगवलेल्या पांढऱ्या पत्र्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यातला अगदी थोडा चालकापर्यंत पोचतो. आरशावर तिरका पडलेला प्रकाश भलतीकडेच निघून जातो. पाटीला हवा असतो तो प्रकार वेगळा: जिकडून आला तिकडेच माघारी. साध्या शीटमध्ये हे काम केसाच्या जाडीएवढे काचेचे मणी करतात. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती किरणांना किती वळवते याचं माप, १.९ च्या आसपास असला की मण्यात शिरलेले किरण त्याच्या पाठीवर एकत्र येतात आणि उलटून आल्या वाटेने बाहेर पडतात. मणी उघडा असेल तर पाऊस घात करतो. समोर हवेऐवजी पाणी आलं की किरण कमी वळतात, पाठीवर जुळत नाहीत. डांबरी रस्त्यावरचे पांढरे पट्टे पावसात दिसेनासे होतात ते मुख्यतः यामुळेच. शीटमधले मणी म्हणून पारदर्शक प्लास्टिकच्या थरात बुडवलेले असतात आणि त्यांची काचही जास्त अपवर्तनांकाची, साधारण २.२ ची, घेतलेली असते.

महाग शीटमध्ये मण्यांच्या जागी सूक्ष्म प्रिझम असतात. प्रत्येकात तीन पृष्ठभाग एकमेकांना काटकोनात भिडलेले, खोलीच्या कोपऱ्यासारखे. कोपऱ्यात जोरात मारलेला चेंडू दोन भिंती आणि फरशी अशा तीन ठिकाणी आपटून मारणाऱ्याकडेच येतो, कारण प्रत्येक टक्कर त्याच्या दिशेचा एक घटक उलटा करते. १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर अशाच १०० कोपऱ्यांची चौकट ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेसर तिथून आजही परत येतो आणि त्यावरून चंद्राचं अंतर मोजतात.

पाटीच्या बाबतीत मात्र हे परतणं अगदी तंतोतंत असून चालत नाही. तसं असतं तर सगळा उजेड दिव्यातच परतला असता आणि चालकाला पाटी काळी दिसली असती. डोळा दिव्याच्या वर असतो, म्हणून परतणारा झोत थोडा पसरावा लागतो. कारमध्ये दिवा आणि डोळा यांच्यात साठेक सेंटिमीटर अंतर धरलं तर १५० मीटरवरच्या पाटीशी त्यांचा कोन साधारण ०.२ अंश होतो. ट्रकचालक दिव्यापेक्षा दीड मीटर उंच बसलेला असेल तर तोच कोन ०.६ अंशांच्या जवळ जातो. या फरकाची किंमत मोठी आहे. आयआरसी ६७ ही आपली रस्ताचिन्हांची संहिता ज्याचा आधार घेते, त्या एएसटीएम डी ४९५६ या अमेरिकी मानकात पांढऱ्या टाइप १, म्हणजे साध्या मण्यांच्या, शीटची किमान परतफेड ०.२ अंशांना ७० आहे आणि ०.५ अंशांना फक्त ३०. प्रिझमवाल्या टाइप ११ ची ५८० आणि ४२०. (एकक: दर लक्सला, दर चौरस मीटरला कँडेला.) कारमधल्या अधिकाऱ्याला ठीक वाटलेली पाटी ट्रकच्या केबिनमधून अंधुक दिसू शकते. पाटी तपासायला जाणाऱ्याने एकदा तरी केबिनमध्ये बसून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

आता पत्रा. दीड-दोन मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियम कारखान्यातून येतं तेव्हा चकचकीत दिसतं, पण त्यावर लाटताना वापरलेल्या तेलाचा थर असतो. शीटमागचा गोंद दाबाने चिकटणारा असतो. तो सुकून घट्ट होत नाही. पूर्ण घन नाही, पूर्ण द्रव नाही, असा तो कायम राहतो. रोलरचा दाब पडला की तो पत्र्याच्या बारीक खाचांत वाहत जातो आणि त्याचे रेणू धातूच्या इतके जवळ येतात की त्यांच्यातलं आकर्षण काम करू लागतं. हे आकर्षण काही नॅनोमीटरच्या पलीकडे जवळपास संपतं. बोटाच्या ठशाएवढं तेल मध्ये आलं तरी गोंद पत्र्याला न चिकटता तेलाला चिकटतो.

म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुणं, मग खरखरीत घासणीने पूर्ण पत्रा घासणं, भरपूर पाण्याने खळबळणं. मोठ्या कारखान्यात यापुढे रासायनिक लेपही देतात. झालं की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. पत्रा उभा धरायचा, वरून पाणी सोडायचं आणि बघायचं. स्वच्छ पत्र्यावर पाणी सलग पडद्यासारखं उतरतं आणि तसंच टिकून राहतं. कुठे तेल उरलं असेल तर तिथे पडदा फाटतो, कडा मागे सरकतात आणि थेंब गोळा होतात. एका कोपऱ्यात रुपयाएवढी जागा जरी अशी निघाली तरी पत्रा परत घासायला घ्यायचा. मग कोरडा करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा, आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. नाहीतर सुटलेलं तेल तिथेच परत बसतं. यानंतर उघडा हात लावायचा नाही.

शीट लावताना मागचा कागद एकदम सोलायचा नाही. एक कड चिकटवून, कागद थोडा-थोडा मागे ओढत, मधून कडेकडे रोलर फिरवत जायचं. पत्रा आणि शीट दोन्ही १८ अंश सेल्सियसच्या वर हवेत, कारण थंडीत गोंद ताठ होतो आणि खाचांत उतरत नाही. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मराठवाड्यात पारा याच्या बराच खाली असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आपल्या उन्हाचं वेगळंच. मे महिन्यातला दुपारचा तापलेला पत्रा आणि जानेवारीची पहाट यांत ५० अंशांचा फरक धरला तर एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे १.१५ मिलिमीटर लांबतं-आखडतं. प्लास्टिकची शीट मोकळी असती तर त्याच्या जवळपास तिप्पट हलली असती. ही रोजची ओढाताण गोंद सोसतो. ताण सगळ्यात जास्त कडेला येतो, त्यामुळे शीट उचलायला सुरुवात तिथूनच होते. एकदा कड सुटली की काळ्या मातीची धूळ गोंदावर बसते आणि मग कितीही दाबलं तरी तो धरत नाही. प्रिझमवाल्या शीटमध्ये आणखी एक धोका आहे. तिथे प्रिझमच्या मागे हवेचे बंद कप्पे असतात आणि पूर्ण परावर्तन त्या हवेवरच अवलंबून असतं. पॉलिकार्बोनेट (प्रिझमचं प्लास्टिक) आणि हवा यांच्यातला सीमांत कोन, म्हणजे ज्याहून तिरका पडलेला उजेडच पूर्ण परततो तो कोन, ३९ अंशांच्या आसपास, पण हवेच्या जागी पाणी आलं की तो ५७ होतो आणि उजेड परतायचा तो आरपार निघून जातो. कप्पे लहान म्हणून बिघाड तेवढ्यापुरता राहतो, पण दगड मारलेल्या पाटीवर रात्री काळे डाग दिसतात ते यामुळे.

२०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं आली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पाट्या बदलायची वेळ आली. जुन्या नावावर नवा तुकडा चिकटवणं स्वस्त पडतं, पण त्याला आधार जुन्या शीटचा मिळतो. ती उन्हाने भुरभुरीत झाली असेल तर नवा तुकडा तिचा वरचा थर घेऊनच निघतो. शिवाय जुनी शीट मंदावलेली असते, म्हणून रात्री नाव झळकतं आणि बाण व किलोमीटर मागे पडतात. पत्रा काढून पूर्ण शीट नवी लावणं, माझ्या मते, खर्चाचं असलं तरी तेच बरोबर.

हेच सगळं उसाच्या ट्रॉलीलाही लागू आहे आणि तिथे जीव जास्त धोक्यात असतो. गाळप हंगाम ऐन थंडीत चालतो. पहाटे कारखान्याच्या रांगेत, दवाने ओल्या आणि चिखलाने माखलेल्या फळीवर घाईत चिकटवलेली पट्टी दुसऱ्या खेपेला रस्त्यात पडते. पट्टी उन्हं वर आल्यावर लावा. आधी साबण, मग पाणी, मग कोरडं फडकं. गंज असेल तर तो खरवडून काढा. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, आणि पट्टी अशा जागी लावा जिथे लोंबणारं वाढं तिला झाकणार नाही. अंगठ्याने नीट रेटा. अंधार पडल्यावर वीस-तीस पावलं मागे जा, मोबाईलचा टॉर्च कानशिलाजवळ धरा आणि बघा. टॉर्च छातीशी धरलात तर चांगली पट्टीही मंद दिसेल. रोज निघण्याआधी पट्टीवरून ओलं फडकं फिरवा, कारण चिखलाखालून कुठलीच शीट उजेड परत पाठवू शकत नाही.