उपग्रहीय रडार निरीक्षण

उपग्रहावरून सूक्ष्मतरंग खाली सोडायचे, परत आलेला प्रतिध्वनी टिपायचा आणि त्यावरून जमीन, समुद्र, ढग व पाऊस यांची माहिती काढायची, या पद्धतीला उपग्रहीय रडार निरीक्षण म्हणतात. कॅमेऱ्याला सूर्यप्रकाश लागतो आणि ढग आडवे आले की त्याचे काम थांबते. रडार स्वतःचेच तरंग वापरते, त्यामुळे ते रात्रीही चालते. काही सेंटिमीटर लांबीचे तरंग ढगांतून जवळजवळ विनाअडथळा जातात. सह्याद्री आणि कोकणासाठी हा फरक फार मोठा आहे, कारण पूर, दरडी आणि भातलावणी हे सारे आभाळ झाकलेले असतानाच घडते.

सुरुवातीची अडचण अँटेनाच्या लांबीची होती. ७०० किमी उंचीवरून ५.६ सेंमी तरंगलांबीच्या रडारने १० मीटरचा तपशील पाहायचा, तर सुमारे ४ किमी लांबीचा अँटेना लागेल. यातून सुटण्याची वाट अमेरिकेत कार्ल वायली यांनी १९५१ मध्ये सुचवली. रडार पुढे सरकत असताना एकाच जागेवरून असंख्य प्रतिध्वनी येतात आणि रडार त्या जागेजवळ येताना व दूर जाताना त्यांची वारंवारता किंचित बदलते. हे सर्व प्रतिध्वनी नोंदवून गणिताने एकत्र जोडले, की लहान अँटेना कित्येक किलोमीटर लांबीच्या अँटेनासारखा वागतो. यालाच सिंथेटिक अपर्चर रडार किंवा ‘सार’ म्हणतात. या विषयातला सर्वांत सुंदर भाग याच गणितात आहे : तत्त्वतः अँटेना जितका आखूड, तितका उड्डाणाच्या दिशेतला तपशील बारीक. १९७८ मध्ये सोडलेल्या अमेरिकेच्या सीसॅट उपग्रहाने हे तंत्र समुद्रनिरीक्षणासाठी अवकाशात नेले. विजेच्या बिघाडामुळे तो जेमतेम १०५ दिवस चालला.

रडारची प्रतिमा छायाचित्रासारखी दिसते, पण ती छायाचित्रासारखी वाचली तर हमखास फसगत होते. तिच्यात रंग नसतो. खडबडीतपणा, ओलावा आणि आकार यांची नोंद असते. शांत पाणी आरशासारखे तरंग पलीकडे परतवते, म्हणून ते काळे दिसते. चिखलणी केलेले भाताचे खाचर लावणीच्या वेळी असेच काळे असते आणि रोपे वाढू लागली की उजळत जाते. पुराचा नकाशा याच काळेपणावरून काढतात. सांगली–कोल्हापूरच्या २०१९ च्या महापुराच्या अभ्यासात युरोपच्या सेन्टिनेल-१ या रडार उपग्रहाच्या प्रतिमा वापरल्या गेल्या. पण उंच, दाट उसात पाणी शिरले असेल तर त्याचे ५.६ सेंमीचे तरंग पानांवरूनच परततात आणि बुडालेले शेत नकाशात कोरडे राहते. ऊसपट्ट्यातला असा नकाशा शेतावर जाऊन पडताळल्याशिवाय नुकसानीच्या हिशेबाला वापरू नये. डोंगरात वेगळी अडचण येते. रडार तिरके पाहते, त्यामुळे त्याच्याकडे तोंड असलेला उतार प्रतिमेत दबतो आणि खड्या कड्यांमागे सावली पडते. नेमकी तिथली दरड दिसत नाही.

प्रतिध्वनीच्या ताकदीबरोबर त्याची कलाही, म्हणजे तरंग आपल्या चढ-उताराच्या कोणत्या टप्प्यावर परतला तेही, मोजली जाते. एकाच जागेवरून वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन प्रतिमांतील कलेचा फरक काढला, की जमीन किती हलली ते सेंटिमीटरमध्ये कळते. कॅलिफोर्नियातील लँडर्स येथे जून १९९२ मध्ये झालेल्या भूकंपाचे भूविरूपण युरोपच्या ईआरएस-१ उपग्रहाच्या प्रतिमांवरून असेच काढले गेले. त्या नकाशातला प्रत्येक पट्टा म्हणजे जमिनीचे उपग्रहाच्या दिशेने सुमारे २.८ सेंमी सरकणे, म्हणजेच अर्धी तरंगलांबी. हवेतील बाष्प तरंगांना उशीर लावते. तो उशीर वजा केला नाही, तर न हललेली जमीन हलल्यासारखी दिसते.

वातावरणासाठी मात्र आखूड तरंग लागतात, कारण थेंबांनी त्यांना परतवायला हवे. १९९७ मध्ये अमेरिका व जपान यांनी सोडलेल्या टीआरएमएम उपग्रहावर अवकाशातले पहिले पर्जन्य रडार होते. पावसाचा उभा छेद त्यामुळे समुद्रावरही मिळू लागला. क्लाउडसॅट (२००६) सुमारे ३ मिमी तरंगांनी ढगांची आतली रचना मोजत असे. वाऱ्याने समुद्रावर उठणाऱ्या बारीक लहरींवरून वाऱ्याचा वेग व दिशाही कळते. भारताच्या ओशनसॅट-२ वर (२००९) असे उपकरण होते.

भारताचा देशी बनावटीचा पहिला रडार-प्रतिमा उपग्रह रिसॅट-१ हा २६ एप्रिल २०१२ रोजी सोडला गेला. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून निघालेला निसार हा नासा व इस्रो यांचा संयुक्त उपग्रह आहे. १२ मीटर व्यासाच्या जाळीदार परावर्तकासह तो सुमारे २४ सेंमी आणि ९ सेंमी अशा दोन तरंगलांब्या वापरतो. २४ सेंमीचे तरंग पानांच्या थरातून खाली बरेच पोचतात, त्यामुळे दाट झाडीच्या घाटात त्यांचा उपयोग अधिक. निसार दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर परततो. चढत्या (दक्षिणेकडून उत्तरेकडे) व उतरत्या (उत्तरेकडून दक्षिणेकडे) अशा दोन्ही फेऱ्या धरल्या, तरी दोन निरीक्षणांत सरासरी सहा दिवसांचे अंतर राहते. कोकणातल्या आखूड नद्यांचा पूर, जसा २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचा चिपळुणात शिरला, दिवस-दोन दिवसांत ओसरतो. तो टिपण्यासाठी निरनिराळ्या देशांच्या रडार उपग्रहांच्या फेऱ्या एकत्र धराव्या लागतात.