जनरल, द

अमेरिकन विनोदी मूकपट. लांबी आठ रिळे. दिग्दर्शन बस्टर कीटन (१८९५–१९६६) व क्लाइड ब्रुकमन. निर्माता जोसेफ शेंक. इंजिनड्रायव्हर जॉनी ग्रेच्या भूमिकेत स्वतः कीटन, नायिका मॅरियन मॅक.

या चित्रपटाचे साल कुठे १९२६, तर कुठे १९२७ असे दिलेले आढळते. पहिला खेळ ३१ डिसेंबर १९२६ रोजी टोकियोत झाला. न्यूयॉर्कमध्ये चित्रपट ५ फेब्रुवारी १९२७ रोजी लागला. चित्रीकरण १९२६ च्या उन्हाळ्यातले असल्याने पहिले साल धरणे अधिक सयुक्तिक. दिग्दर्शक म्हणून दोघांची नावे असली, तरी पडद्यावर दिसते ती मुख्यतः कीटनचीच दृष्टी, असे अभ्यासक सामान्यतः मानतात.

कथेमागे अमेरिकेतील उत्तरेची राज्ये आणि गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्ये यांच्यातल्या यादवी युद्धातली खरी घटना आहे. १२ एप्रिल १८६२ रोजी जॉर्जियातील बिग शँटी (आताचे केनेसॉ) येथे गाडी न्याहारीसाठी थांबली असताना जेम्स अँड्र्यूझ आणि त्याच्या उत्तरेकडील साथीदारांनी ‘जनरल’ हे इंजिन पळवले. गाडीचा गार्ड विल्यम फुलर आधी धावत, मग रुळांवरच्या ढकलगाडीवरून आणि शेवटी एकामागून एक इंजिने बदलत मागे लागला. त्यांतले अखेरचे ‘टेक्सास’ त्याने उलटे पळवले. छाप्यात सामील असलेल्या विल्यम पिटेंजरने पुढे ही हकिगत लिहिली व तीच चित्रपटाचा आधार झाली. तिचे नायक उत्तरेचे. कीटनने मात्र नायक दक्षिणेचा केला. पराभूत पक्षाला खलनायक केलेले प्रेक्षकांना रुचणार नाही, असे त्याचे म्हणणे. मात्र त्यामुळे गुलामगिरीचा प्रश्न चित्रपटातून गायबच झाला. नंतरच्या समीक्षकांनी यावर ठेवलेला ठपका रास्त आहे.

चित्रपटाची गंमत एका रुळावर एकदा जाण्यात आणि त्याच रुळावरून परत येण्यात आहे. जाताना जॉनी इंजिन पळवणाऱ्यांचा पाठलाग करतो, येताना त्याचा पाठलाग होतो. विनोदही बहुधा कात्रीविना, लांबून घेतलेल्या एकाच दृश्यात घडतो. रुळांवर आडवा पडलेला स्लीपर (रुळांखाली घालायचा लाकडी ओंडका) हटवायला जॉनी चालत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलेला असतो; हातात दुसरा स्लीपर. तो नेमका पडलेल्याच्या टोकावर आपटतो आणि दोन्ही बाजूला उडतात. चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. उखळी तोफेच्या प्रसंगात बार भरलेली तोफ हळूहळू खाली झुकून जॉनीच्याच इंजिनावर रोखली जाते. पण रूळ वळण घेतात, इंजिन बाजूला होते आणि गोळा पुढच्या शत्रूच्या गाडीपाशी जाऊन फुटतो. वळणाने साधलेला हा विनोद समजायला पडद्यावर एक अक्षरही लागत नाही. प्रेयसीने झिडकारल्यावर तो इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यावर बसतो आणि इंजिन सुरू झाल्यावर वर-खाली होत शेडमध्ये शिरतो, तो प्रसंगही असाच. दिसायला साधा, करायला जिवावरचा.

मूकपट कोणत्या वेगाने दाखवावा, हा वाद इथेही आहेच. हजार फुटांचे रीळ सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) सुमारे ११ मिनिटे चालते, तर १६ चौकटींनी १६ मिनिटांहून अधिक. म्हणूनच प्रतींच्या कालावधीत फरक पडतो. या चित्रपटाला २४ च्या आसपासचा वेगच मानवतो. फार संथ केल्यास स्लीपरचा अचूक नेम नुसता योगायोग वाटू लागतो.

चित्रपट पहिल्या प्रदर्शनात आपटला आणि कीटनचे स्वातंत्र्य लवकरच संपले. १९२८ मध्ये तो एमजीएम या बड्या चित्रपट कंपनीच्या नोकरीत गेला. पुढे मात्र मत पालटले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदपटात निवडलेल्या पहिल्याच तुकडीत याचा समावेश झाला.

जळत्या पुलावरून खरे इंजिन नदीत कोसळते ते दृश्य ओरेगनमधील कॉटेज ग्रोव्ह परिसरात एकदाच घेतले गेले. इंजिनाचा सांगाडा दुसऱ्या महायुद्धापर्यंत नदीपात्रात होता. तेव्हा भंगारासाठी तो उचलला गेला. खरे ‘जनरल’ केनेसॉच्या संग्रहालयात आहे.