रिलीज झालेलं गाणं बदलायचंय, पण प्ले घालवायचे नाहीत? अर्ज असा करा

संक्रांतीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी गाणं केलं, घाईघाईत रिलीज केलं, आणि नंतर हेडफोन लावून ऐकलं तर मुखडा सुरू व्हायच्या आधी चार सेकंद शेजारचा यंत्रमाग खटखटतोय. सोलापूरच्या पूर्व भागात घरी रेकॉर्डिंग केलं की हे व्हायचंच. तोवर गाण्याला काही हजार प्ले आलेले असतात आणि ते सोडवत नाहीत.

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक, जिओसावन यांच्याकडे यासाठी थेट अर्ज करता येत नाही. ज्या डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे गाणी या ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, गाणं टाकलं, त्याच्याकडेच जावं लागतं. काहींकडे ऑडिओ बदलून देण्याची सोय असते, आधी तेवढंच विचारून घ्या. नसेल तर गाणं नव्याने रिलीज करायचं, पण जुन्याच आयएसआरसी क्रमांकावर.

सगळा खेळ या क्रमांकाचा आहे. तो अक्षरं आणि आकडे मिळून बारा चिन्हांचा असतो आणि रेकॉर्डिंगची ओळख म्हणून दिला जातो. भारतात तो देण्याचं काम इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था पाहते. डिस्ट्रिब्युटरने दिलेला क्रमांक ‘आयएन’ऐवजी ‘क्यूझेड’ने सुरू होत असेल तर दचकू नका, तो अमेरिकेच्या खात्यातला असतो आणि तितकाच चालतो. अल्बमचा यूपीसी, म्हणजे संपूर्ण रिलीजचा ओळख क्रमांक, वेगळा. तो नव्या रिलीजला नवा मिळाला तरी बिघडत नाही. फॉर्ममध्ये ‘या गाण्याला आधीच आयएसआरसी आहे का’ असा प्रश्न येतो, तिथे ‘हो’ म्हणून जुना क्रमांक हाताने भरा. रिकामं सोडलंत तर यंत्रणा नवा क्रमांक देते आणि मोजणी शून्यापासून सुरू होते.

मात्र जुना क्रमांक वापरायला रेकॉर्डिंग तेच असावं लागतं. सुरुवातीची खटखट कापली, शेवट तुटलेली फाइल नीट केली, एवढं चालतं. दुसरा अंतरा पुन्हा गायलात, हलगी वाढवली, रीमिक्स केलं, तर ते नवं रेकॉर्डिंग, त्याला नवा क्रमांक. इथे चलाखी करू नये. प्लॅटफॉर्म आवाजही ताडून पाहतात, आणि जुळलं नाही तर प्ले जोडले जात नाहीत.

अर्ज मास्टरच्या, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगच्या, मालकानेच करायचा. म्युझिक कंपनीबरोबर करार असेल तर तिचं ना-हरकत पत्र लागेल. चौघांचं बँड असेल तर चौघांची लेखी संमती आधीच घ्या, नंतर सात रस्त्यावरच्या चहात भांडण नको. जवळ ठेवायचं ते एवढंच: वेव्ह फाइल, ३००० बाय ३००० पिक्सेलचं जुनंच मुखपृष्ठ, आयएसआरसी, जुन्या रिलीजचा यूपीसी, प्लॅटफॉर्मवरच्या लिंक, करार आणि पॅन.

नाव अक्षर न् अक्षर जुनंच हवं. ‘सिद्धेश्वर’ इंग्रजीत आधी डब्ल्यूने लिहिलं आणि आता व्हीने लिहिलं, तर आपल्या दृष्टीने देव एकच, पण यंत्राच्या दृष्टीने गाणी दोन. गायकाचं नावही तसंच, आणि नवं रिलीज जुन्याच आर्टिस्ट प्रोफाइलला जोडा.

आता क्रम. आधी नवं टाकायचं, ते सगळीकडे दिसू लागेपर्यंत थांबायचं, नव्यावर जुना आकडा दिसतो का ते पाहायचं, आणि मगच जुनं काढण्याची विनंती करायची. मी एकदा उलटं केलं होतं. जुनं आधी काढलं, नवं तपासणीत अडकलं, आणि ऐन संक्रांतीत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी गाणं कुठेच नव्हतं. मंडळाच्या पोरांनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा जानेवारीचं काम नोव्हेंबरातच उरका.

आकडा जुळायला काही दिवस जातात. जुळेलच अशी हमी डिस्ट्रिब्युटरही देत नाही, कारण निर्णय प्लॅटफॉर्मचा असतो. आधीच्या आकड्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्लेलिस्टमधली जागा टिकेलच असंही नाही, म्हणून ज्यांनी गाणं घेतलंय त्यांना नवी लिंक पाठवा.

तुमच्या यूट्यूब चॅनेलवरच्या व्हिडिओचं गणित निराळं. तिथे फाइल बदलता येत नाही, नव्याने टाकलं की व्ह्यूज शून्य. पण नुसती सुरुवातच कापायची असेल तर यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्ये ट्रिम करा. लिंक, व्ह्यूज, कमेंट सगळं जागेवर राहतं.

आणि जुनं गाणं उतरलं म्हणून डिस्ट्रिब्युटरचं खातं लगेच बंद करू नका. आधीच्या महिन्यांची रॉयल्टी उशिरा जमा होते, ती हातात पडू द्या.