लॅसिक आणि पीटीके: यंत्र एक, काम वेगळं

कोल्हापुरात कुणी 'डोळ्याचं लेझर केलं' म्हटलं की ऐकणारा चष्मा गेला असंच धरून चालतो. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या तोंडी तर लेझर म्हणजे लॅसिकच. पण तेच १९३ नॅनोमीटरचं एक्सायमर लेझर पीटीके नावाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेतही वापरतात, आणि चष्म्याचा नंबर घालवण्याशी तिचा संबंध नाही.

लॅसिक होतं ते निरोगी कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक आवरणावर. वरचा पापुद्रा उचलून खालच्या थराला नंबराच्या हिशेबानं आकार देतात आणि पापुद्रा परत बसवतात. बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी नीट दिसतं.

पीटीके लागते ती कॉर्नियाच गढूळ झाल्यावर. कॉर्नियल डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात तिथं ठिपके किंवा जाळी साचत जाते. हे डाग वरच्या थरात असतील, तर तेवढा थर लेझरनं काढतात. पापुद्रा वगैरे नाही, त्यामुळे पहिले काही दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि जखम भरेपर्यंत पट्टीसारखी कॉन्टॅक्ट लेन्स ठेवतात. गंमत म्हणजे यात बऱ्याचदा प्लसचा नंबर वाढतो, म्हणजे दिसतं स्वच्छ, पण चष्मा लागतो! शिवाय दोष जनुकातच असल्यानं काही वर्षांनी डाग पुन्हा येऊ शकतात.

खरा धोका मात्र घोळ उलटा झाला, म्हणजे डाग असलेल्या डोळ्यावर लॅसिक केलं तर. ग्रॅन्युलर नावाच्या कॉर्नियल डिस्ट्रॉफीच्या 'टाइप २' प्रकारात तरुणपणी दोन-चार बारीक ठिपकेच असतात, दिसायला काही त्रास नसतो. अशा डोळ्यावर लॅसिक केलं की डाग झपाट्यानं वाढतात. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. म्हणून लॅसिकआधी 'घरात कुणाच्या बुबुळात डाग आहेत का?' असं विचारलं, तर आजी-काकांची नावं आठवून सांगा, 'नाही' म्हणून मोकळे होऊ नका.

मॅक्युलर या आणखी एका कॉर्नियल डिस्ट्रॉफीची गोष्ट वेगळी. त्यात आईवडिलांचे डोळे चांगले असतात, पण सदोष जनुक दोघांकडेही असतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे, तिथं असं जुळून येण्याची शक्यता वाढते. यात डाग खोलवर जातात. पीटीकेनं फार तर थोडा काळ निभावतं, पुढे नेत्रदानातून मिळालेला कॉर्निया बसवावा लागतो.